वेढा पडलेल्या शहरातून नागरिक बाहेर काढणं : कॉरिडॉर जाहीर होतो, मग अडतं कुठे?

चौकस_कावळा

युद्धाच्या बातम्यांत सकाळी येतं, "आज ९ ते ४ मानवतावादी कॉरिडॉर खुला" (म्हणजे नागरिकांना निघायला ठरावीक वेळ सुरक्षित वाट), आणि संध्याकाळी येतं, "आज कोणीच बाहेर पडू शकलं नाही". युक्रेनच्या मारिउपोलमध्ये ५ मार्च २०२२ ला हे झालं, ६ ला पुन्हा झालं. सीरियातल्या अलेप्पोत डिसेंबर २०१६ मध्ये बस सुरू झाल्या, थांबल्या, परत सुरू झाल्या. गोळीबार थांबत नाही हे एक कारण उघडच आहे. मला त्याखालचं कामाचं गणित समजून घ्यायचंय.

मी कागदावर असं मांडलं : शहरात १ लाख लोक अडकलेत, रस्ता एकच, सुरक्षित ठिकाण ६० किमीवर. ५० आसनांच्या ३० बस, शस्त्रसंधी रोज ७ तास. ताशी ४० किमीने जायला दीड तास, यायला दीड तास. म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या, ३,००० माणसं, साधारण महिन्याभरात शहर मोकळं. हे कुठे चुकतं?

आणखी तीन शंका. आधी कोणाला काढायचं हे कोण ठरवतं? खाटेवरच्या रुग्णांचं काय करतात? आणि "बाहेर काढणं" आणि "हुसकावून लावणं" यांच्यातली रेघ कायद्यात कुठे आहे?

कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

रसद

गणित चुकतंय ते रस्ता हाच मुख्य वेळ धरल्यामुळे. दीड तासाचा प्रवास हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग. दिवस खातो तो तपासणी नाका.

एका फेरीत १,५०० माणसं. समोरच्या सैन्याच्या नाक्यावर प्रत्येकाचं ओळखपत्र बघणार, सामान उघडणार, अंगझडती घेणार. माणशी २ मिनिटं धरा, तीही सढळ मनाने. एका टेबलावर ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास. दहा टेबलं लावली तर ५ तास. दहा टेबलं सहसा कोणी लावत नाही. त्यात फोनमधले फोटो आणि मेसेज चाळायला सुरुवात केली की २ मिनिटांची ६ होतात आणि दहा टेबलांवरही १५ तास लागतात. तुमची ७ तासांची शस्त्रसंधी तिथेच संपली, आणि बस दोन फौजांच्या मधल्या पट्ट्यात उभ्या. याहून वाईट जागा नाही.

म्हणून वाटाघाटीत बसच्या आधी टेबलं मागायची. किती टेबलं, किती वाजता सुरू होणार, बायकांची झडती घ्यायला बायका आहेत का, ओळखपत्र नसलेल्या माणसाचं काय करणार, अंधार पडला तर तपासणी अर्धवट सोडून ताफा पुढे जाणार की तिथेच मुक्काम. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर लेखी नसेल तर ताफा हलवू नये असं माझं स्पष्ट मत.

आता चढवणं. पन्नास माणसं, त्यात म्हातारी, कडेवरची पोरं, बोचकी. एका दारातून यादी बघत चढवायला २० ते ३० मिनिटं जातात. सगळ्या बस एकाच चौकात उभ्या केल्या तर गर्दी पहिल्या तीन बसवर तुटून पडते. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात मार्च १९९३ मध्ये अन्न घेऊन आलेल्या यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) ट्रकवर परतीच्या वेळी लोक असेच चढले. एकेका ट्रकवर शंभराच्या वर माणसं होती, चेंगराचेंगरीत आणि वाटेत माणसं दगावली, त्यात मुलं होती. लोकांना बाहेर न्यायला कोणी आलंय हे कळल्यावर रांग आपोआप लागत नाही. म्हणून :

– जमण्याची ठिकाणं एकाऐवजी पाच-सहा, प्रत्येकी पाच बसची. शक्यतो तळघर किंवा जाड भिंतीच्या इमारतीला लागून, म्हणजे तोफगोळे पडायला लागले तर माणसं परत आत जाऊ शकतील.

– आदल्या दिवशी कुटुंबाला चिठ्ठी : बस क्रमांक, ठिकाण, वेळ, माणसांची संख्या. चिठ्ठी नाही तो दुसऱ्या रांगेत, पण परत पाठवायचा नाही. परत पाठवलं की उद्या सगळेच चिठ्ठीशिवाय पहाटे तीनला येऊन उभे राहतात.

– सामान माणशी एक नग, मांडीवर मावेल एवढं. टपावर काही बांधायचं नाही. प्रत्येक नाक्यावर ते उतरवायला लावतात आणि अर्धा तास जातो.

ताफ्याची लांबी. बसमध्ये १०० मीटर अंतर ठेवलं, बस १२ मीटरची, तर ३० बसची शेपटी जवळपास सव्वातीन किलोमीटर पसरते. पुढच्याला नाक्यावर थांबवलं की मागचा अजून शहराच्या कडेला, बहुधा नेमका नेमबाजांच्या टप्प्यात. दहा-दहाचे तीन गट, दोन गटांत अर्ध्या तासाचं अंतर, प्रत्येक गटाला एक रिकामी बस आणि सगळ्यांत मिळून एक ओढणारी गाडी. जुन्या बस, महिनोन्‌महिने न चालवलेल्या, खाली काचा आणि पत्र्याचे तुकडे. टायर फुटणार हे गृहीतच धरायचं. एक बस बंद पडली आणि तिची ५० माणसं घ्यायला जागा नसेल तर अख्खा ताफा अडतो.

डिझेल जाण्या-येण्याचं दोन्ही शहराबाहेरूनच भरून आणायचं. भरलेली बस १०० किमीला ३० ते ४० लिटर पिते, आणि हिवाळ्यात आतली ऊब टिकवायला इंजिन चालू ठेवून आठ-दहा तास उभी राहिली तर वर आणखी वीसेक लिटर. पाणी माणशी ३ लिटर, म्हणजे १,५०० माणसांना साडेचार टन. ते बसमध्ये आधीच ठेवलेलं हवं, नाक्यावर वाटता येत नाही.

आणि एक गोष्ट जी कोणत्याच आराखड्यात नसते : शौचालय. बस चार तास उभी राहिली की माणसं आडोसा शोधत रस्त्याच्या कडेला उतरतात, आणि सुरुंग नेमके तिथेच असतात. प्रत्येक बसमध्ये झाकणाची बादली, जाड पिशव्या, एक चादर पडद्याला. "डांबर सोडायचं नाही" ही सूचना चालकाने तोंडी द्यायची, दोनदा.

आता फेरी मोजा. चढवणं १ तास, नाका ५ तास, प्रवास दीड तास, तिकडे उतरवणं १ तास. साडेआठ झाले. म्हणजे सात तासांत दोन फेऱ्या सोडाच, एकही बसत नाही. बस रात्री तिकडेच राहणार आणि दुसऱ्या दिवशी परत येणार. वास्तवात दोन दिवसांत एक फेरी.

तळटीप

रसद साहेबांचं टेबलांचं गणित पटलं. पण त्याआधीची पायरी : करार कोणी केला आणि तो खंदकातल्या माणसापर्यंत पोचला का?

राजधानीत सही होते. गोळी झाडतो तो नाक्यावरचा पोरगा, आणि तो ऐकतो त्याच्या पलटणीच्या कमांडरचं. त्यामुळे नकाशावरच्या रेषेवर जितक्या तुकड्या आहेत तितक्यांकडून "आदेश मिळाला" असं पोचीचं उत्तर यायला हवं. ते आलं नाही तर कॉरिडॉर फक्त बातमीत असतो.

फसण्याच्या ठरलेल्या जागा :

घड्याळ. मार्च २०२२ मध्ये युक्रेनची वेळ आणि मॉस्कोची वेळ यांत एका तासाचा फरक होता. ५ मार्चची घोषणा रशियाने मॉस्को वेळेने सकाळी १० अशी केली, शहराने स्थानिक ९ अशी. तेव्हा ते जुळलं, पण एका बाजूने "१० वाजता" एवढंच लिहिलं तर शेवटचा एक तास माणसं रस्त्यावर आणि बंदूक परत मोकळी. कागदावर दोन्ही वेळा लिहायच्या.

अक्षांश-रेखांश. एक जण दशांशात लिहितो, दुसरा अंश-मिनिटांत. ४७.३० अंश आणि ४७ अंश ३० मिनिटं यांत उत्तर-दक्षिण २२ किमीचा फरक पडतो. नमुना एकच ठरवायचा आणि शेजारी गावाचं, पुलाचं, चौकाचं नाव लिहायचं.

रस्ता. "रस्ता मोकळा आहे" हे वाक्य कोणी चालून पाहून म्हटलंय की नकाशा बघून? मार्च २०२२ मध्येच आयसीआरसीच्या (रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती) माणसांना मारिउपोलबाहेर पडण्यासाठी जो रस्ता सुचवला होता त्यावर सुरुंग असल्याचं संस्थेने ७ मार्चला सांगितलं. क्रोएशियातल्या वुकोवारमधून १९ ऑक्टोबर १९९१ ला शंभरावर जखमी घेऊन निघालेल्या एमएसएफच्या (डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय मदत संस्था) ताफ्यातली गाडी सुरुंगावर गेली आणि दोन परिचारिका जखमी झाल्या. सुरुंग ज्याने पेरले त्याच्याच सैनिकांनी पुढे गाडी घालून रस्ता दाखवायचा, ही अट अपमानकारक वाटली तरी घालावी.

बदल्याची अट. अलेप्पोतून बाहेर पडणाऱ्या बस आणि फुआ-केफ्राया या दोन गावांतून (अलेप्पोला वेढा सरकारी फौजेचा होता, तिथे बंडखोरांचा) निघणाऱ्या बस एकमेकींशी बांधल्या होत्या. १५ डिसेंबर २०१६ ला सुरू झालं, १६ ला थांबलं, १८ ला त्या गावांकडे जाणाऱ्या बस जाळल्या गेल्या आणि इकडची माणसं कडाक्याच्या थंडीत बसमध्ये अडकली. शेवटी २२ तारखेला संपलं. आयसीआरसीच्या मोजणीने ३५ हजारांवर लोक निघाले. एप्रिल २०१७ मध्ये याच दोन गावांतल्या लोकांच्या बस अलेप्पोजवळच्या रशिदीनला अदलाबदलीसाठी ताटकळत असताना स्फोट झाला, शंभराहून अधिक मेले, त्यात कितीतरी मुलं. बदल्याच्या करारात ताफा दोन्हीकडे एकाच वेळी थांबतो, आणि थांबलेला ताफा हे सर्वांत सोपं लक्ष्य.

कोणी म्हणेल अशी अट घालूच नये. पण ती नसती तर बहुतेक वेळा करारच झाला नसता. त्यापेक्षा थांबण्याची जागा उघड्या माळावर नको, आणि तिथे बाहेरची गाडी जवळ येऊ द्यायची नाही.

चौकस_कावळा

नाक्याचा वेळ वाचवायला नावांची यादी आदल्या दिवशीच समोरच्यांना का देत नाहीत? विमानतळावर प्रवाशांची यादी आधी जाते तसं. २ मिनिटांची अर्ध्या मिनिटावर येतील.

कलम_सतरा

कारण त्याच यादीवरून माणसं वेगळी काढली जातात.

फेब्रुवारी २०१४, सीरियातल्या होम्स शहराचा वेढलेला जुना भाग. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने ७ तारखेपासून सुमारे १,४०० लोक निघाले. त्यातल्या साधारण १५ ते ५५ वयाच्या शेकडो पुरुषांना आणि मुलग्यांना "चौकशीसाठी" बाजूला घेतलं गेलं. वुकोवारच्या रुग्णालयातून नोव्हेंबर १९९१ मध्ये रुग्ण हलवण्याचा करार झालेला होता, तरी दोनशेहून अधिक माणसं तिथून जवळच्या ओव्हचाराला नेऊन मारली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्साच्या बायका-मुलांना जवळच्या पोतोचारीहून बसमध्ये घातलं, पुरुष तिथेच वेगळे केले. मृत्यू ८ हजारांच्या वर. तिन्ही ठिकाणी तोंडी शब्द "सुरक्षित बाहेर काढणं" असाच होता.

तेव्हा यादीची पद्धत अशी ठेवतात. समोरच्यांना आकडे : बस क्रमांक, त्यात किती बायका, किती पुरुष, किती मुलं, किती आडवे रुग्ण. नावं फक्त मध्यस्थाकडे, म्हणजे सहसा आयसीआरसी किंवा संयुक्त राष्ट्रांकडे. आणि कुटुंबाने स्वतःचं एक माणूस असं ठरवायचं की जो ताफ्यात नाही, पण कोण कोण निघालं हे त्याला माहीत आहे. नाक्यावर कोणाला उतरवलं तर बसमधल्या नेमलेल्या माणसाने नाव, जन्मवर्ष, जागा, वेळ, कोणत्या तुकडीने नेलं एवढं लिहून घ्यायचं. कागद नेता येत नसेल तर दोघांनी पाठ करायचं. ताफा त्या माणसासाठी थांबवायचा की नाही, हे मात्र निघण्याआधी ठरलेलं हवं. तिथे उभं राहून ठरवता येत नाही. माझ्या मते मध्यस्थाचा एक प्रतिनिधी मागे राहावा आणि ताफा पुढे जावा. बाकीच्या १,४९९ जणांना अंधारात मधल्या पट्ट्यात ठेवणं हा पर्याय नाही.

आता कायदा, कारण यावर ऐकीव माहिती फार फिरते.

चौथा जिनिव्हा करार, १९४९, कलम १७ : वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, अपंग, वृद्ध, मुलं आणि बाळंतिणी यांना हलवण्यासाठी पक्षांनी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा. दोन गोष्टी बघा. धडधाकट प्रौढ नागरिक या यादीत नाहीत. आणि "प्रयत्न करावा" आहे, "केलाच पाहिजे" नाही. तुमच्या "कोणाला आधी" या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर ही यादी. व्यवहारात ती जशीच्या तशी लावली की घरं फुटतात : आजी जाणार, सून जाणार, मुलगा राहणार. मग आजी म्हणते मी नाही जात, आणि जागा रिकामी राहते. म्हणून रुग्ण सोडून बाकी सगळं कुटुंबाच्या हिशेबाने करतात.

कलम ४९ : सक्तीने हलवायला बंदी. अपवाद दोनच, लोकांची सुरक्षितता किंवा अत्यंत निकडीचं लष्करी कारण. तेव्हाही त्या भागातली लढाई थांबताच परत आणायचं, आणि एका घरातली माणसं वेगळी करायची नाहीत. हे कलम शब्दशः ताब्यात घेतलेल्या प्रदेशाबद्दल आहे. तुमची रेघ कामापुरती अशी ओळखायची : जायचं की नाही हे माणूस ठरवतो का? कुठे जायचं हे तो निवडू शकतो का? परत येता येईल का? एकच दिशा खुली ठेवली आणि ती वेढा घालणाऱ्याच्या देशात जाते, तर त्याला कॉरिडॉर म्हटल्याने तो कॉरिडॉर होत नाही.

मुलांसाठी जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातलं कलम ७८ वेगळं आहे. परदेशी नेणं तात्पुरतं, सबळ कारणानेच, पालकांच्या लेखी संमतीने. प्रत्येक मुलाचं फोटोसकट कार्ड आयसीआरसीच्या केंद्रीय शोध विभागाकडे : नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, भाषा, रक्तगट, अंगावरची खूण, कुठून कधी निघालं. ज्या नोंदीने मुलाला धोका होईल ती गाळायची. मुलं बेकायदा नेल्याच्या आरोपावरूनच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ ला रशियाच्या अध्यक्षांवर आणि तिथल्या बालहक्क आयुक्तांवर वॉरंट काढलं.

आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट : मागे राहिलेला नागरिक नागरिकच असतो. "मुदत दिली होती, गेले नाहीत" यावरून त्याच्यावर गोळे टाकायची मोकळीक मिळत नाही.

आसावरी_म

रुग्णांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

आडवा रुग्ण एक म्हणजे बसमधल्या सहा ते आठ बसलेल्या माणसांची जागा, शिवाय उचलायला चार माणसं. म्हणून रुग्णांचा ताफा वेगळा आणि लहान. पाच-सहा गाड्या नाक्यातून ज्या वेगाने सुटतात, तो वेग तीस बसला कधीच मिळत नाही.

ऑक्सिजन. १० लिटरचा सिलिंडर १५० बार दाबाला भरलेला असेल तर आत साधारण १,५०० लिटर वायू. मिनिटाला ५ लिटरने ३०० मिनिटं, म्हणजे ५ तास. प्रवास दीड तासाचा आहे म्हणून एक सिलिंडर पुरे असं धरणं ही नेहमीची चूक. रसद यांनी काढलेले साडेआठ तास धरा, त्याच्या दुप्पट घ्या. एका रुग्णाला ४ सिलिंडर, आणि नाक्यावर ते स्फोटकासारखे दिसतात म्हणून यादीत त्यांची संख्या आधी कळवलेली हवी.

डायलिसिसवाल्यांना दोन-तीन दिवसांत पुढचं डायलिसिस लागतं. त्यांची तारीख बघून क्रम लावायचा, वय बघून नाही. ज्यांचं कालच झालंय त्यांच्याकडे दोन दिवसांची उसंत आहे. इन्सुलिन वापरात असलेलं साधारण चार आठवडे बर्फाशिवाय चालतं, फार उष्णता नको आणि गोठायलाही नको. हिवाळ्यात ते सामानात न ठेवता अंगालगत ठेवायचं.

आता दुसऱ्या टोकाची चूक, जी चांगल्या मनाने होते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेला माणूस बाहेर आला की लोक त्याला पोटभर जेवू घालतात, आणि तो दोन-चार दिवसांत दगावू शकतो. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आधीच तळाला गेलेलं असतं. एकदम भात, ब्रेड, साखर गेली की इन्सुलिन उसळतं, उरलंसुरलं फॉस्फेट रक्तातून पेशींत शिरतं आणि हृदय बंद पडतं. फार खंगलेल्या प्रौढाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे ५ ते १० कॅलरी, म्हणजे ४५ किलोच्या माणसाला ४५० च्या वर नाही, मग आठवडाभरात हळूहळू वाढवत. पहिल्या घासाआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व). फार कुपोषित मुलांना एफ-७५ हे दूध, १०० मिलिला ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. उतरण्याच्या ठिकाणी पहिलं टेबल अन्नाचं ठेवू नये. (कुपोषण ओळखायला) दंडाचा घेर मोजणाऱ्या पट्टीचं ठेवावं.

बर्फवाट

आसावरीताईंनी जे लिहिलं तेच दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वेढलेल्या लेनिनग्राडहून निघालेल्यांच्या बाबतीत घडलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये आश्रितांना आणि मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. शहरालगतचं गोठलेलं लादोगा सरोवर ओलांडल्यावर पलीकडच्या काठावर गरम जेवण आणि पाव दिला जाई, आणि तो अधाशासारखा खाऊन कित्येक जण तिथेच आणि पुढच्या रेल्वेत मेले.

शहर रिकामं करण्याचा तो बहुधा सर्वांत मोठा नमुना. बर्फावरून २२ जानेवारी ते १५ एप्रिल १९४२ या ८४ दिवसांत साडेपाच लाखांवर माणसं निघाली, म्हणजे सरासरी दिवसाला साडेसहा हजारांच्या पुढे. फिनलंड स्टेशनवरून रेल्वेने बोरिसोवा ग्रिवा, तिथून ट्रकने बर्फावरून तीसेक किलोमीटर, पलीकडे पुन्हा रेल्वे. ही गती जमली कारण दोन्ही टोकं एकाच बाजूच्या ताब्यात होती. विमानं आणि तोफा होत्या, पण शत्रूचं टेबल नव्हतं.

ट्रक दीड टनी. सुरुवातीला बर्फ इतका पातळ की एकेका ट्रकवर थोडीच पोती घालत आणि मागे घसरगाडी जोडून वजन पसरवत. चालक दार उघडं ठेवून चालवत, उडी मारता यावी म्हणून. गंमत अशी की जाड बर्फावरही ट्रक बुडत. चाकांखाली बर्फ वाकतो, पाण्यात लाट तयार होते, आणि गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की वाक वाढत जाऊन बर्फ फुटतो. उथळ पाण्यात हा घातक वेग खोलीवर ठरतो : १० मीटर खोलीला ताशी साधारण ३५ किमी, ६ मीटरला २८. म्हणून वेग ठरवून दिलेला, आणि दोन ट्रक शेजारी शेजारी चालवायचे नाहीत.

त्याआधीची चूकही नोंदवण्यासारखी. १९४१ च्या उन्हाळ्यात शहरातली मुलं बाहेर पाठवली ती काही प्रमाणात नैऋत्येला आणि दक्षिणेला, म्हणजे जर्मन फौज येत होती त्याच दिशेला. अनेकांना परत आणावं लागलं. १८ जुलैला लिचकोवो स्टेशनात मुलांच्या गाडीवर बॉम्ब पडले. आघाडी पुढच्या दोन आठवड्यांत कुठे असेल हे न विचारता आखलेला आराखडा.

दोनपायी

बस नाही, रस्ता आहे, अशा वेळी चालत. २ मार्च २०२२ ला भारतीय दूतावासाने युक्रेनच्या खार्किवमधल्या भारतीयांना सांगितलं की मिळेल त्या वाहनाने, नाहीतर चालत, संध्याकाळी ६ च्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. रेल्वे स्टेशनपासून ही ठिकाणं अनुक्रमे ११, १२ आणि १६ किमी. तरुण माणूस सामानाशिवाय ताशी ५ किमी चालतो. गट, पिशव्या, बर्फ, मध्ये आडोसा घेणं धरून ३ किमी धरा, लहान मूल असेल तर २. सोळा किलोमीटरला पाच तासांच्या वर. म्हणजे सूचना दुपारी मिळाली तर लांबचं ठिकाण बादच.

युक्रेनच्याच सुमी शहरात पुढच्या आठवड्यात ७ मार्चला भारतीय विद्यार्थ्यांना बसमध्ये बसवून परत उतरवावं लागलं, ८ ला ६९४ जण पोल्ताव्याकडे निघाले. पहिला प्रयत्न फसेल हे धरूनच दुसऱ्या दिवसाचं पाणी-अन्न राखून ठेवायचं. पिशवी आवरताना लोक घरातलं शेवटचं खाऊन टाकतात, आणि संध्याकाळी त्याच रिकाम्या घरात परततात.

चौकस_कावळा

सगळ्यांचे आभार. मग माझं गणित सुधारलं तर दोन दिवसांत १,५००, म्हणजे दिवसाला ७५०. एक लाखाला १३३ दिवस. हे शक्यच नाही ना?

रसद

बसने शक्य नाही, बरोबर. बसने शहर रिकामं होत नाही. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी बस राखायच्या.

मारिउपोलमधून जे निघाले त्यांतले पुष्कळ खासगी गाड्यांनी. १४ मार्चला पहिल्या दिवशी सुमारे १६० गाड्या निघाल्या, नंतरच्या दिवसांत हजारो. काचांवर रशियन भाषेत "मुलं" लिहिलेलं, आरशांना पांढरी फडकी. उलट बाजूला तिथल्याच अझोवस्ताल पोलाद कारखान्याखाली अडकलेल्या लोकांसाठी संयुक्त राष्ट्रं आणि आयसीआरसीचा ताफा २९ एप्रिलला निघाला, २३० किमी जाऊन ३० ला पोचला, आणि कारखान्यातले १०१ लोक ३ मे रोजी युक्रेनच्या ताब्यातल्या झापोरिझ्झ्याला उतरले. पाच दिवसांत एक फेरी, जगातल्या सर्वांत अनुभवी संस्था असून.

तेव्हा वाटाघाटीत गाड्यांसाठी रस्ता दिवसभर खुला मिळत असेल तर त्यासाठी बसच्या दोन फेऱ्या सोडाव्यात. एका गाडीत पाच धरली तर ३०० गाड्या म्हणजे तुमच्या तीस बस. अडचण पेट्रोलची. वेढ्यात ते संपलेलं असतं, किंवा जनरेटरला गेलेलं असतं. शहरात येणाऱ्या मदतीच्या ताफ्यात औषधं आणि पीठ सगळे मागतात, पेट्रोल मागायला विसरतात, आणि समोरची बाजू ते सैन्याला जाईल म्हणून अडवते. उपाय म्हणजे पेट्रोल शहरात न आणता पहिल्या नाक्यापलीकडे टँकर उभा करायचा. तिथवर पोचायला गाडीला चार-पाच लिटर पुरतात, आणि तेवढं लोक बंद पडलेल्या गाड्यांच्या टाक्यांतून नळीने काढतात.